सोपं जातं, पण सगळंच नाही

नाटकातून आलेल्या अभिनेत्रीला सिनेमा सोपा जातो, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. रोहिणी हट्टंगडी यांचंच बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तिथले संचालक, दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या तालमीत तयार झालेल्या. 'गांधी'मधल्या (१९८२) कस्तुरबांसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. 'सारांश' (१९८४) आला तेव्हा वय जेमतेम तेहेतीस, भूमिका मात्र तरुण मुलगा गमावलेल्या वृद्ध आईची. ते म्हातारपण नुसत्या पांढऱ्या केसांनी येत नाही. बसताना आधी हात कुठे टेकतो, वाक्याच्या मध्ये श्वास कुठे तुटतो, यातून येतं. हे नाटकाचंच देणं.

अडतं ते वेगळीकडे. आपल्या गोव्यात जत्रेच्या नाटकात मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा म्हणून वाक्याचा शेवट उचलून धरायची सवय लागते. क्लोजअपमध्ये तेच ओरडल्यासारखं वाटतं, आणि भुवई जराशी हलली तरी पडद्यावर हातभर दिसते. कुठे उभं राहायचं ते दाखवणाऱ्या जमिनीवरच्या टेपच्या खुणेपुढे थोडं सरकलं की फोकस गेला, चांगला टेक वाया. कप कुठल्या शब्दावर उचलला ते विसरलं तर संकलकाला दोन शॉट जोडता येत नाहीत.

सगळ्यात अवघड म्हणजे चित्रीकरणाचा उलटसुलट क्रम. शेवटचा प्रसंग पहिल्याच दिवशी लागू शकतो, नाटकासारखी भावना चढत जायला वावच नाही. म्हणून पणजीच्या कला अकादमीत नाटक शिकणाऱ्या मुलींनी पटकथेत प्रत्येक सीनच्या कडेला तीन गोष्टी लिहाव्यात: याआधी काय घडलं, पात्र किती दमलंय, त्याला काय लपवायचंय.