ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुतले काय?

डोकं फिरलंय नुसतं. आई वॉर्डात, डाव्या हाताला कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली औषधाची बारीक नळी. सकाळी राउंडला ज्युनियर डॉक्टर आला तो ग्लोव्ह्ज घालूनच, म्हटलं वा. मग तेच ग्लोव्ह्ज शेजारच्या आजोबांच्या ड्रेसिंगला, तेच पडद्याला, तेच खिशातला मोबाईल काढून "हां सर, हां सर" करायला, मधे एकदा नाक खाजवून झालं, आणि तस्साच आईच्या कॅन्युलाचं टोपण उघडायला लागला!! मी म्हटलं, डॉक्टर, हात? तर म्हणे, ग्लोव्ह्ज आहेत ना. अरे बाबा, ते तुझ्या हाताला घाण लागू नये म्हणून, तिच्या शिरेत जंतू जाऊ नयेत त्याचं काय? दर पेशंटला बदलायचे असतात ते, आणि काढल्यावरसुद्धा हात धुवायचे असतात, हे मी सांगायचं?

बरं, त्याच्या डोक्यावरच पोस्टर आहे. पेशंटला हात लावायच्या आधी, लावल्यानंतर, असे हात साफ करायचे पाच मोमेंट्स, लॅमिनेट करून. खाली सॅनिटायझरचा डबा. दाबला तर फुस्स. ५ मेच्या हॅन्ड हायजीन डेचा बॅनर मात्र लिफ्टपाशी अजून लोंबतोय, पावसात भिजून अर्धा गळला तरी. २०-३० सेकंदांचं काम हो! १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर ओरडत होता, मुडदे फाडून तसेच बाळंतिणींकडे जाऊ नका, क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा. धुतले तेव्हा बायका मरायच्या कमी झाल्या, तरी बाकीचे डॉक्टर त्याच्यावरच उखडले. आज मी उखडलोय एवढाच फरक.

सिस्टरना नाही बोलणार मी. एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड, बेसिन पार दुसऱ्या टोकाला, ती किती धावणार. पण डबा भरणारा कोण? आणि तो फार्मसीवाला, थुंकी लावून बिलं सोडवतो, त्याच बोटाने गोळ्या देतो. म्हापशाच्या बाजारात थुंकी लावून नोटा मोजणारे वेगळेच, त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

एवढी बडबड ऐकून आई शांतपणे म्हणाली, "तुवें हात धुयले रे?"

स्कूटर लावून आलो, हेल्मेट काढलं, लिफ्टचं बटण दाबलं आणि थेट तिची उशी सारखी केली होती. गप बसलो.

संध्याकाळी बाटली विकत आणून खाटेला सुतळीने बांधली. रात्री सिस्टर आली, दोनदा दाबून हात चोळले आणि म्हणाली, ही इथेच ठेवा हां, आमची संपलीय.