‘चेस’मध्ये हत्ती-घोडे नाहीत, शाह आहे

‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ. चेस म्हणजे चॅरियट, हॉर्स, एलिफंट, सोल्जर्स.’ इंग्रजी शब्दांच्या तथाकथित ‘फुल फॉर्म’ची ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. परवा भाचीने ती वहीत उतरवून घेतलेली दिसली आणि राहवलं नाही.

पाया मुळातच कच्चा आहे. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची पद्धत इंग्रजीत फोफावली ती २०व्या शतकात. ‘रडार’ खरोखर तसा घडला, १९४०च्या सुमारास. यादीतले हे शब्द त्याच्या कितीतरी शतकं आधीचे.

न्यूज म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी. पूर्वी हा शब्द ‘डब्ल्यू’नंतर आणखी एक ‘ई’ घालूनही लिहीत. त्या ‘ई’ची दिशा कोणती? अरबीतही ‘खबर’चं अनेकवचन ‘अखबार’ होतं.

पेन आलं लॅटिन ‘पेन्ना’वरून, म्हणजे पीस. ‘पॉवर एन्रिच्ड इन निब’ हे निव्वळ रचलेलं.

चेसचं मात्र वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे. फारसी ‘शाह’ म्हणजे राजा. तो अरबीतून युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला, त्यातून इंग्रजीत ‘चेक’ आणि ‘चेस’ आले. बँकेचा चेकसुद्धा याच कुळातला. आणि आपण ‘शह-काटशह’ म्हणतो, त्यातला शह हाच. मग रथ, घोडे, हत्ती, पायदळ कुठले? ते संस्कृत ‘चतुरंग’चे. त्यावरून ‘शतरंज’ हे नाव पडलं. म्हणजे यादी करणाऱ्याने चतुरंगाचा अर्थ भलत्याच शब्दाला चिकटवला.

‘टी’ हा चीनच्या फुजियान किनाऱ्यावरचा ‘ते’, डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेला. आपला ‘चहा’ त्याच शब्दाच्या दुसऱ्या चिनी उच्चारातून आला.

‘बाय म्हणजे बी विथ यू एव्हरीटाइम’ हे त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळचं. मूळ निरोप ‘गॉड बी विथ यी’, देव तुमच्यासोबत असो. बोलून बोलून झिजला आणि ‘गुडबाय’ उरला.

‘पण मुलांच्या लक्षात राहतं ना,’ असं कुणी म्हणेल. भाचीला मी ‘शाह मात’ म्हणजे राजा हरला, एवढंच सांगितलं. चेकमेट कुठून आला, हे तिने स्वतःच ओळखलं.