कोरहाचे पुत्र मेले नाहीत

‘पिढीजात शाप’ हे प्रकरण हल्ली प्रार्थनासभांमध्ये फार बोकाळलं आहे. आजोबा दारूत गेले, वडील कर्जात बुडाले, म्हणजे घराण्यावर शाप! तो मोडायला खास उपास, खास तेल, खास सभा. माझं स्पष्ट मत आहे, बायबलमधल्या कोरहाची वंशावळ वाचलेला माणूस या भानगडीत पडणार नाही.

इस्राएलचा पुढारी मोशे आणि याजक अहरोन यांच्याविरुद्ध याजकपदासाठी बंड करणारा तो कोरह (गणना १६). पण तो कुणी ऐरागैरा नव्हता. निर्गम ६ उघडा. लेवीचा मुलगा कहाथ आणि कहाथाचे चार मुलगे: अम्राम, इसहार, हेब्रोन, उज्जियेल. मोशे आणि अहरोन अम्रामाचे, कोरह इसहाराचा. म्हणजे सख्खे चुलतभाऊ. कहाथींचं कामही मानाचं होतं, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, वाहण्याचं. गणना ७ मध्ये लेवीच्या दुसऱ्या दोन मुलांच्या कुळांपैकी गेर्षोनींना २ गाड्या आणि ४ बैल मिळतात, मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथींना काहीच नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. त्यातही अहरोनाच्या मुलांनी झाकून दिल्याशिवाय त्यांकडे बघायची मुभा नाही. वर कहाथी कुळांचा सरदार झाला तो सगळ्यांत धाकट्या काकांचा, उज्जियेलाचा मुलगा अलीसाफान (गणना ३:३०). यहुदी भाष्यकार बंडाचं मूळ इथे शोधतात. शास्त्र तसं थेट म्हणत नाही, पण भाऊबंदकी पाहिलेल्याला ते पटेल.

पुढचं सगळ्यांना पाठ असतं. २५० सरदार धुपाटणी घेऊन उभे राहिले, जमीन दुभंगली, अग्नी पडला. दुसऱ्या दिवशी लोकांनी पुन्हा कुरकुर केली तेव्हा मरीने १४,७०० माणसं गेली. बहुतेक उपदेश इथेच संपतात. गणना २६ ही शिरगणती, म्हणून ती वगळली जाते, आणि नेमकं तिथेच ११व्या वचनात एवढंसं वाक्य आहे: कोरहाचे पुत्र मेले नाहीत. कसे वाचले, हे लिहिलेलं नाही. ‘बापाला सोडून ते मोशेकडे धावले’ हे व्यासपीठावरून रंगवून सांगितलं जातं, पण ती सांगणाऱ्याची भर आहे.

आता १ इतिहास ६:३३-३८. दाविदाने नेमलेला गायक हेमान, त्याचा बाप योएल, आजा शमुवेल. तिथून वर चढत गेलं की कोरह! ज्या शमुवेलाने शौलाला आणि दाविदाला अभिषेक केला, तो बंडखोराच्या वंशातला. आणि इतिहासकाराने कोरहाचं नाव गाळलेलं नाही, हे मला विशेष वाटतं. आपण सोयरिकीच्या वेळी एखादा काका हळूच वगळतोच की.

९व्या अध्यायात हेच कोरही उंबरठ्यांची राखण करतात. द्वारपाळांकडे रोज सकाळी दार उघडण्याचं काम आहे. शल्लूम कोरहीचा थोरला मुलगा मत्तिथ्या तव्यावर भाजायच्या पदार्थांवर नेमलेला. याजकपद मागणाऱ्याच्या वंशात तवा सांभाळणारा! म्हणूनच ८४व्या स्तोत्रात दुष्टांच्या तंबूंपेक्षा देवाच्या घराचा उंबरठा बरा असं येतं, तेव्हा गणना १६:२६ मधले ‘दुष्टांचे तंबू’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. ४६व्या स्तोत्रात पृथ्वी उलथली तरी भिणार नाही, असं गाणारेही हेच, ज्यांचा पूर्वज जमिनीने गिळला.

कुणी निर्गम २०:५ पुढे करील: तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. वाक्य पूर्ण वाचा, ‘माझा द्वेष करणाऱ्यांच्या’ असं तिथे आहे. शिवाय अनुवाद २४:१६ आणि यहेज्केल १८ आहेतच. घरात दारू असेल तर तिची सवय, मारझोड, कर्ज पुढे झिरपतं, हे खरंच. त्यावर उपचार आणि हिशोब लागतो, तेलाची बाटली नाही.

वाचायचा क्रम: निर्गम ६, गणना ३, ४, ७, १६, २६, मग १ इतिहास ६, ९, २६ आणि शेवटी कोरहाच्या मुलांच्या नावाची ११ स्तोत्रं: ४२, ४४ ते ४९, ८४, ८५, ८७, ८८. उत्पत्ति ३६ मधला कोरह एसावाचा मुलगा, तो वेगळा. १ इतिहास २:४३ मधलाही वेगळाच.