जमीन खचण्याआधीची कामे

ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण. मग वाद रंगला तो पुनर्वसन कुणी करायचे, मोबदला किती यावर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बसून तो वाचताना खटकते ते हे, की जमीन खचण्याआधी करायच्या कामांविषयी त्यात कुणी बोलतच नाही.

इथल्या नैऋत्य भागात लाँगवॉल पद्धत चालते. तीन-चारशे मीटर रुंद आणि काही किलोमीटर लांब पट्ट्यातला सगळा कोळसा काढतात आणि मागचे छत कोसळू देतात. दोन मीटरचा थर गेला की वरची जमीन मध्यावर सव्वा मीटरच्या आसपास बसते. कुठे, कधी, किती बसेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. म्हणून गॅसची नळी वाचते. नळीला तोडते ती तिला घट्ट धरून सरकणारी माती. तेव्हा खाण खाली पोचण्याआधीच चर खणून नळी उघडी करतात, लाकडी ठोकळ्यांवर किंवा वाळूच्या पोत्यांवर टेकवतात, ताण मोजणारे गेज चिकटवतात आणि जमीन बसेल तशी तिची पातळी सावरत राहतात. हालचाल थांबली की चर बुजवायचा. रस्ता पट्ट्याच्या कडेला ताणला जाऊन भेगाळतो, तर मध्यावर दाबला जाऊन उचलला जातो. त्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच आडव्या खाचा पाडून डांबर भरतात. आय-70 महामार्गाखालून खाण गेली तेव्हा वाहतूक सुरू ठेवूनच मोजणी आणि डागडुजी चालली होती.

ओढ्यांच्या बाबतीत मात्र इथल्या बढाया ऐकू नयेत. दोन पट्ट्यांमध्ये न काढता ठेवलेले कोळशाचे खांब उभे राहतात, त्यामुळे पात्रात उंचवटा तयार होतो आणि वरच्या बाजूला पाणी तुंबते. ताणाच्या जागी तळ फुटतो आणि प्रवाह जमिनीत जिरतो. तुंबलेले पाणी उंचवटा खोदून सोडवता येते, भेगांत ग्राउट (सिमेंटसारखे पातळ मिश्रण) भरता येते, तोवर बोअरचे पाणी ओढ्यात सोडता येते. पाणी परत येईलही, पण ओढा पूर्वीसारखा होईल याची हमी नाही. रायरसन स्टेशन उद्यानातले ड्यूक सरोवर 2005 मध्ये धरणाला तडे गेल्यावर रिकामे करावे लागले. 2013 मध्ये खाण कंपनीने राज्याला 3 कोटी 60 लाख डॉलर देऊन तडजोड केली. तरीही जमीन अजून हलते आहे म्हणून धरण पुन्हा बांधायचे नाही, असे 2015 मध्ये ठरले.

उचलण्यासारखा आहे तो इथला 1994 चा कायदा. खाणीच्या कडेपासून उभ्या रेषेशी 35 अंशांचा कोन करून वर काढलेल्या रेषेआतली विहीर आटली, तर दोष कंपनीचा असे गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करणे कंपनीच्या गळ्यात. 200 मीटर खोलीला हे अंतर साधारण 140 मीटर होते. तक्रार आल्यावर 24 तासांत तात्पुरते पाणी द्यावे लागते. साहजिकच कंपन्या विहिरींची आधीची मोजणी स्वतःहून करून घेतात.

आपल्याकडे खांब ठेवून कोळसा काढण्याचीच परंपरा. जुन्या, उथळ गॅलऱ्यांचे (खांबांमधल्या बोगद्यांचे) छत वरवर ढासळत जाते. पडलेला दगड फुगून पोकळी भरतो खरा, पण त्यासाठी गॅलरीच्या उंचीच्या पाच ते दहा पट जाडीचा खडक वर लागतो. तीन मीटरच्या गॅलरीवर वीसच मीटर खडक असेल, तर खड्डा थेट अंगणात उघडू शकतो. अशा ठिकाणी लाँगवॉलचे वेळापत्रक कामाचे नाही. जुने नकाशे आजच्या वस्तीवर बसवा, संशयाच्या जागी बोअर मारून कॅमेरा सोडा, पोकळी सापडली की भरा. वरून मुरूम ओतून खड्डा बुजवणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची सोय. चालू खाणीत नाल्याखालचे खांब काढूच नयेत, या मताशी मी ठाम आहे.

पोकळ्या भरायला नदीची वाळू कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. वेकोलिने (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीवरच्या मातीतून वाळू काढून दाखवली आहे, आणि चंद्रपूरच्या वीज केंद्राची राखही जवळच आहे. बारीक राखेतून पाणी लवकर निथळत नाही, म्हणून तिच्यात सिमेंट मिसळावे लागते. आणि भरण्याआधी आसपासच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदवून ठेवावे, नाहीतर पुढचा वाद त्या पाण्यावरून होईल.