शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांचा खर्च

‘शस्त्रक्रियेचे पैसे जमले की सांभाळणाऱ्याने केवळ माया द्यायची’ हे जखमी कुत्र्यांना सांभाळण्याविषयीच्या लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. गाडीखाली येऊन कण्याला मार बसलेली एक कुत्री आमच्या नागपुरातील धरमपेठेच्या घरी 7 महिने होती. तिच्या शस्त्रक्रियेसाठी लोकांनी 4 दिवसांत पैसे दिले. नंतरच्या डायपर, औषधे आणि लघवीच्या तपासण्यांसाठी मदत मागितली, तेव्हा मात्र फारसे कोणी पुढे आले नाही. मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याला बहुधा स्वतःहून लघवी करता येत नाही. दिवसातून 3-4 वेळा पोटाखाली हात घालून, लिंबाएवढे लागणारे मूत्राशय हलकेच दाबून रिकामे करावे लागते, आणि ते राहून गेले तर संसर्ग होतो. मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, कूलरसमोर दर काही तासांनी तिची कूस बदलूनही कमरेच्या हाडावर जखम झालीच. ती भरायला 6 आठवडे लागले.

म्हणून मदतीचे आवाहन करतानाच पशुवैद्यकाकडून पुढील 6 महिन्यांच्या खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि देणगीदारांकडे एकरकमी रकमेऐवजी दरमहा, अगदी 200 रुपये का होईना, मागावेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे.