नवा सर्व्हर घेऊन टाकू का?

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलांच्या एका पेढीचे संगणकीय काम मी पाहतो आणि दर मार्चअखेरीस तिथून ठरलेला फोन येतो: "साहेब, सॉफ्टवेअर रांगतंय, नवा सर्व्हर घेऊन टाकू का?" गेल्या वर्षी माझे न ऐकता त्यांनी तो घेतलाही, तरी थकबाकीच्या अहवालाला लागणारा वेळ फारसा घटला नाही, कारण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, तारखेच्या स्तंभावर फंक्शन लावून वर्ष वेगळे काढले होते, त्यामुळे त्या स्तंभावरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) निरुपयोगी ठरून प्रत्येक वेळी अख्खे टेबल वाचले जात होते. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ ही क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी आज्ञा चालवून पाहण्याची तसदी कोणी घेईल तर शपथ! तीच अट मी '१ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आत' अशी लिहिली आणि अहवाल चहा येण्याआधी हजर झाला.

रॅम ६४ जीबी असूनही पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसचे शेअर्ड बफर्स, म्हणजे त्याने डेटासाठी राखलेली मेमरी, मूळच्या १२८ एमबीवरच ठेवलेले होते. डिस्क एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, असली तरी रँडम पेज कॉस्ट, म्हणजे विखुरलेले पान वाचणे सलग वाचनाच्या तुलनेत किती महाग धरायचे ती किंमत, मूळच्या ४ वरच होती. मिनिटाला ७२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीला नुसती अर्धी फेरी पुरी करायलाच सुमारे ४ मिलिसेकंद लागतात, म्हणून तिच्यासाठी ती किंमत शोभते; एसएसडीवर मात्र तीच किंमत प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला) इंडेक्सपासून विनाकारण दूर ठेवते. हे बदलायला एक छदामही लागत नाही, बहुधा म्हणूनच ते कोणाला पटत नाही. कालच त्यांनी माझ्याकडे आणखी रॅमचे दरपत्रक पाठवले आहे.