खुलासा: लडाखच्या ओढ्यात ‘काहीच जगत नाही’ हे खरं नाही

सोलापुरातल्या सहलीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लडाखच्या ओढ्यांत थंडीमुळे काहीच जगत नाही, पाणी तसंच प्या.’ उन्हाळ्यात इथून लेहला जाणारे बरेच आहेत, म्हणून काळजी वाटली.

हे चुकीचं आहे. मी प्राणिशास्त्र शिकवते. तिथल्या ओढ्यातले दगड उलटून पाहिलेत. खाली अळ्या चिकटलेल्या असतात. हिमनदीच्या तोंडाशी, २ अंशांखालच्या पाण्यात, बहुधा चिलटासारख्या डायमेसा माशीच्याच अळ्या टिकतात. ओढा पुढे उतरून पाणी जरा उबदार झालं की मेफ्लाय, स्टोनफ्लाय हे कीटकही येतात. थंड पाण्याचा एक फायदाही आहे, त्यात ऑक्सिजन जास्त मावतो: समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला जेमतेम ७.५. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे हा फायदा घटतो, संपत नाही. थंडीइतकाच अडसर असतो तो हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठाच्या गढूळपणाचा आणि सतत हलणाऱ्या तळाचा.

शिवाय वर याक, मेंढ्या चरतात. विष्ठेतून येणारे काही जंतू थंड पाण्यात उलट जास्त दिवस टिकतात. पाणी खळखळ ३ मिनिटं उकळा. इतका वेळ अशासाठी, की उंचीवर ते १०० अंशांच्या आधीच उकळतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.